काळवंडलेली चांदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका बाजारगावात आमचे चांदीचे छोटे दुकान आहे. रजतनगरी म्हणून ओळखले जाणारे खामगाव येथून फार दूर नाही, त्यामुळे आमच्या भागात पाच-दहा तोळे चांदी नाही असे घर क्वचितच सापडते. महालक्ष्म्या आणि दिवाळी जवळ आली, किंवा लग्नसराई सुरू झाली, की दुकानात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

चांदी काळी का पडते? तिला गंज चढतो का?

लोखंडाला चढतो त्या अर्थाने चांदीला गंज चढत नाही. लोखंड हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांनी गंजते. चांदी मात्र नेहमीच्या तापमानाला नुसत्या ऑक्सिजनला दाद देत नाही. तिचे खरे वैर गंधकाशी आहे. सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत अगदी अल्प, म्हणजे अब्ज भागांत एखादा भाग, इतका असला तरी ओलाव्याच्या मदतीने तो चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइड नावाचा काळा थर तयार होतो. हा थर आरंभी इतका पातळ असतो की तो काळा दिसतच नाही. प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळाकुट्ट असा त्याचा प्रवास होतो. ताटलीच्या कडेला पेट्रोलच्या तवंगासारखे रंग दिसले, तर ती सुरुवात आहे असे समजावे. त्या टप्प्यावर साफसफाई अगदी सोपी असते.

एक गोष्ट आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावरच उभी आहेत. तो काळा थर बाहेरून येऊन बसलेला मळ नाही. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. म्हणजे जो काळेपणा आपण नारळाच्या शेंडीने घासघासून मोरीत सोडून देतो, तो बव्हंशी आपल्याच पैशाची चांदी असते.

आमच्या गावात कारखाना नाही. मग हा वायू येतो कुठून?

कारखान्याची गरजच नाही. घराशेजारचा उकिरडा, गोठ्यामागचा शेणाचा खड्डा, तुंबलेली नाली आणि गोबर गॅसचे संयंत्र या सर्वांतून हा वायू निघतो. गोबर गॅसच्या शेगडीला ज्वलनाआधी जो किंचित उग्र वास येतो, तो प्रामुख्याने याचाच असतो. लोणारच्या सरोवराकाठी चिखलाला येणारा वासही याच वायूचा. वणी-चंद्रपूरकडे कोळसा जळतो, त्याच्या धुरातही गंधकाची संयुगे असतात.

स्वयंपाकघरातील वाटा निराळा. अंडी, कांदा, लसूण, मोहरी आणि कोबी यांत गंधकाची संयुगे भरपूर असतात. चांदीच्या चमच्याने उकडलेले अंडे खाल्ले, तर चमचा जेवण संपेपर्यंत पिवळसर झालेला दिसतो.

शेतीच्या कामातून येणारे गंधक मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. भुरी रोगासाठी संत्र्यावर, मिरचीवर आणि भाजीपाल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी होते. त्या वाफ्यांत काम करून आलेल्या बायांच्या जोडव्यांची आणि तोरड्यांची आतली बाजू आठ दिवसांत काळी झालेली आम्ही पाहतो. गंधकाची पिशवी ज्या खोलीत ठेवली आहे, त्याच खोलीतल्या कपाटात चांदी असेल, तर दुसरे कारण शोधायला नको.

याशिवाय काही वस्तू घरात अगदी निरुपद्रवी दिसतात: रबर बँड, लोकरी कापड, काही प्रकारचे पुठ्ठे आणि वर्तमानपत्राचा कागद. एका काकूंनी सहा वाट्या रबर बँडने एकत्र बांधून ठेवल्या होत्या. वर्षाने सोडल्या, तेव्हा प्रत्येक वाटीवर रबराच्या जाडीची काळी रेघ कोरल्यासारखी उमटली होती आणि बाकीची वाटी मात्र स्वच्छ होती.

अंगावरची चांदी काळी पडते ती अंगातील उष्णतेमुळे, की दृष्ट लागल्यामुळे?

दोन्हींमुळे नाही. घामात मीठ असते, गंधक असलेली काही द्रव्येही असतात, आणि आपल्याकडच्या वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा घामाला तोटा नसतो. प्रत्येकाच्या घामाचा गुण थोडा वेगळा असतो, म्हणून एकाच घडणीच्या दोन तोरड्या दोन बहिणींच्या पायांत वेगवेगळ्या वेगाने काळवंडतात. त्यातून कोणाच्या प्रकृतीचा किंवा नशिबाचा निष्कर्ष काढू नये. उलट, रोज वापरातली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा पुष्कळदा उजळ राहते, कारण कापडाशी आणि कातडीशी सतत घासून तिच्यावर थर साचत नाही. जोडवे बाहेरून लखलखीत आणि आतून काळे असते, ते यामुळेच.

काळी पडली म्हणजे चांदी खोटी, असे समजावे का?

समजू नये. ९९९ कसाची निखळ चांदीसुद्धा गंधकापुढे काळी पडते. ९२५ कसाच्या चांदीत साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबे, असते. तांबेही हवेने खराब होते, म्हणून अशी चांदी थोडी लवकर काळवंडते, एवढाच फरक. तांबे घालण्यामागे फसवणूक असतेच असे नाही. निखळ चांदी फार मऊ असते आणि पैंजणाचा फासा किंवा करदोड्याची कडी तिच्यात टिकत नाही.

संशय घ्यायचा तो न काळवंडणाऱ्या वस्तूचा घ्यावा. जर्मन सिल्व्हर या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. कस पाहायचा असेल, तर भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्क चिन्ह आणि त्याशेजारी कोरलेला ९२५, ९९० असा आकडा पाहावा.

आमच्या वस्तूवरचा डाग काळा नाही. तो कशाचा?

हिरवा डाग तांब्याचा असतो. तो बहुधा झाळलेल्या सांध्यापाशी दिसतो, कारण झाळ देताना वापरलेल्या मिश्रणात तांबे आणि जस्त अधिक असते. लिंबाचा रस आणि कोमट पाणी कापसाने लावून तो पुसता येतो.

पांढरा, खडूसारखा डाग बहुतेक वेळा पाण्याच्या क्षारांचा असतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील विहिरीच्या पाण्याने धुतलेली चांदी न पुसता वाळू दिली, की थेंबाथेंबाची नक्षी उमटते. पातळ व्हिनेगरने किंवा लिंबाने ती जाते. आमच्या गावातील बाया दागिने शेवटी विसळण्यासाठी आता आरओच्या कॅनमधले पाणी तांब्याभर बाजूला ठेवतात. पावसाचे साठवलेले पाणीही तितकेच चांगले.

करडा-जांभळट, चिवट डाग मिठाचा असू शकतो. चांदीच्या वाटीत लोणचे किंवा मीठ रात्रभर राहिले, तर सिल्व्हर क्लोराइड तयार होते. ते आधी पांढरट असते आणि उजेडात गडद होत जाते. तो घरी खरवडण्याच्या भरीस पडू नये.

आणखी एक डाग आमच्याच धंद्यातून येतो. ९२५ ची वस्तू झाळताना जास्त तापली, तर पृष्ठभागाच्या आतले तांबे ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उजाळा दिल्यावरही ढगाच्या सावलीसारखा धूसर पट्टा दिसत राहतो. नव्या वस्तूवर असा पट्टा असला, तर ती ज्याने घडवली त्यालाच परत दाखवावी.

घरी चांदी स्वच्छ करण्याची सर्वांत सुरक्षित रीत कोणती?

साध्या मळासाठी कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. चार रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवावेत आणि सकाळी ते पाणी गाळून घ्यावे. आमच्या आजोबांच्या काळापासून दुकानात हेच पाणी वापरले जाते.

काळेपणा असेल, तर ॲल्युमिनियम आणि खाण्याचा सोडा यांची रीत वापरावी. त्यासाठी शहरातली चकचकीत फॉइल आणायलाच हवी असे नाही. आपल्याकडे ज्याला जर्मनचा गंज म्हणतात, ते जुने ॲल्युमिनियमचे भांडे चालते. मात्र ते आतून काथ्याने घासून पांढरे करून घ्यावे, कारण काळपट थर असलेले ॲल्युमिनियम नीट काम करत नाही. लिटरभर पाणी वेगळे उकळून त्या गंजात ओतावे, तीन-चार मोठे चमचे खाण्याचा सोडा हळूहळू टाकावा (फेस वर येतो, म्हणून गंज काठोकाठ भरू नये) आणि धुतलेली चांदी अशी सोडावी की प्रत्येक वस्तू ॲल्युमिनियमला टेकलेली असेल. हे टेकणे फार महत्त्वाचे आहे. दोऱ्याला बांधून मधोमध लोंबकळत ठेवलेली साखळी तशीच काळी राहते, आणि मग रीत खोटी आहे अशी तक्रार येते.

दोन-तीन मिनिटांत सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो आला, की काम होत आहे असे समजावे. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि चांदी एकमेकांना टेकले, की एक लहानसा विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियम स्वतः झिजून काळ्या थरातील गंधक सोडवून घेते, चांदी जागच्या जागी उरते आणि गंधक वायूच्या रूपाने निघून जाते. चांदीला ज्याने काळे केले तोच वायू परत जाताना वास देऊन जातो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि इतर चांदी शेजारी मांडून ठेवू नये. पाच मिनिटांनी वस्तू काढून गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने लगेच पुसाव्यात. थर जाड असेल, तर ताजे पाणी घेऊन पुन्हा करावे. तो गंज नंतर स्वयंपाकाला वापरू नये.

या रीतीने चांदी आरशासारखी चमकेल अशी अपेक्षा ठेवू नये. बराच काळ काळी राहिलेली वस्तू थोडी निस्तेज, दुधाळ दिसते. मऊ कापडाने हलके घासल्यावर तिला झळाळी येते.

टूथपेस्ट, राख, रांगोळी, चिंच यांपैकी काय चालेल?

टूथपेस्ट, राख आणि रांगोळी ही तिन्ही घासून काम करतात, आणि चांदी नखापेक्षा फार कठीण नसते. राखेत वाळूचा एखादा कण असला, तरी ताटावर ओरखडा उठतो. ओरखड्यांत नंतर काळेपणा अधिक घट्ट बसतो, म्हणून पुढच्या वर्षी अधिक घासावे लागते आणि दहा-पंधरा वर्षांत देवाच्या मूर्तीचे नाक-डोळे गुळगुळीत होतात. अशा कितीतरी बाळकृष्णांच्या मूर्ती आमच्याकडे आल्या आहेत. भांडी घासायची पावडर आणि तारेचा काथ्या यांचे तर नावही काढू नये.

चिंचेचा आणि लिंबाचा दोष वेगळा. ती तांब्या-पितळेवर जादूसारखी चालतात, म्हणून चांदीवरही चालतील असे वाटते. सिल्व्हर सल्फाइडवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही; चिंचेने जो उजळपणा येतो तो बहुतांशी बोटांच्या घासण्याचा असतो. कपड्यांचे ब्लीच चांदीला कधीही लावू नये. त्याने मिनिटभरात वस्तू काळी होते.

कोणत्या वस्तू सोड्याच्या गरम पाण्यात घालू नयेत?

मोती, पोवळे, पिरोजा आणि गोंदाने चिकटवलेले खडे असलेल्या वस्तू घालू नयेत. जुने पोकळ तोडे आणि वाक्या आतून लाखेने भरलेल्या असतात. गरम पाण्याने लाख मऊ होऊन फटीतून बाहेर येते आणि दागिना पोचट होतो. दागिना हलवून पाहावा. आकाराच्या मानाने तो जड लागला आणि वाजला नाही, तर आत लाख आहे असे धरून चालावे.

मुद्दाम काळी केलेली, ज्याला ऑक्सिडाइज्ड म्हणतात ती चांदीही या पाण्यात टाकू नये. नाव ऑक्सिजनचे असले, तरी तो काळेपणा गंधकाच्या द्रावणाने दिलेला सल्फाइडचाच असतो, त्यामुळे नक्षीच्या खाचांतला काळा रंग निघून जाईल आणि दागिना बोडका दिसेल. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीकडील गोंड घरांतल्या जुन्या दागिन्यांच्या खाचांत पिढ्यांचा काळेपणा साचून नक्षीला उठाव आलेला असतो. आमचे मत विचाराल, तर तो तसाच राहू द्यावा आणि वरचा भाग तेवढा कापडाने पुसावा.

चांदीचे पाणी दिलेल्या पितळी वस्तूंना सोडा चालतो, घासणे चालत नाही. मुलाम्याचा थर संपला, की खालचे पिवळे पितळ दिसू लागते.

बाजारात बाटलीत मिळणारे द्रावण वापरावे का?

बहुतेक तात्काळ द्रावणांत थायोयुरिया आणि आम्ल असते. ते काळा थर विरघळवते, म्हणजे त्यातली चांदीही बाटलीत जाते. घाईच्या वेळी हातमोजे घालून, अर्धे मिनिट बुडवून, भरपूर पाण्याने धुण्यापुरते ठीक आहे; बाळाच्या वाटी-चमच्याला मात्र ते लावू नये.

दारावर येऊन दागिने उजाळून देणाऱ्यांकडे द्यावेत का?

देऊ नयेत. हे आम्ही घरच्या अनुभवावरून सांगतो. आजी एकटी असताना दोन माणसे दारात बसली आणि तिचे तोडे एका पातेल्यातील पाण्यात बुडवून डोळ्यांदेखत पांढरेशुभ्र करून दिले. मजुरीही नाममात्र घेतली. संध्याकाळी वडिलांनी तोडे काट्यावर ठेवले, तेव्हा अठ्ठावीस तोळ्यांतले अडीच तोळे गेले होते. सोनाराच्या घरात ही गोष्ट घडली, याची आजीला शेवटपर्यंत लाज वाटत राहिली.

पातेल्यात पाणी नसते, त्यात नायट्रिक आम्ल मिसळलेले असते. चांदी त्यात साखरेसारखी विरघळते आणि नंतर त्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली, की सगळी चांदी भुकटीच्या रूपाने परत खाली बसते. ती भुकटी घेऊन ते पुढच्या गावाला जातात.

दुकानात उजाळा दिल्यावरही वजन घटते. ते का?

थोडी घट खरी असते. आम्ही वस्तू तापवून पातळ गंधकाम्लात टाकतो. नावात गंधक असूनही हे आम्ल चांदीला काळे करत नाही. ते वरचे तांब्याचे ऑक्साइड काढून चांदी पांढरी करते. त्यानंतर रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासतो, आणि यंत्राच्या चाकावर पॉलिश केले तर आणखी काही मिलिग्रॅम जातात. नक्षीत अडकलेला तेला-कुंकवाचा मळही वजनात असतोच. तरीही वस्तू देताना आणि घेताना आपल्यासमोर वजन करायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

आजीच्या पेटीत राणीछाप रुपये आहेत. ते चकचकीत करून घ्यावेत का?

नाण्यांना हात लावू नये. जुन्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के असते, त्यामुळे धातूचा भाव कधीही मिळेल. पण संग्राहक जी जास्तीची किंमत देतो ती न घासलेल्या, नैसर्गिक छटा असलेल्या नाण्यालाच देतो. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आणली गेली होती, म्हणून पेटीतली काही नाणी जास्त मळकट दिसली, तर आधी त्यांच्यावरचे साल वाचावे.

चांदी ठेवावी कशी, म्हणजे ती काळी पडणार नाही?

पूर्ण कोरडी करून, प्रत्येक वस्तू मऊ सुती कापडात गुंडाळून, हवा दाबून काढलेल्या झिपच्या पॉलिथिन पिशवीत ठेवावी. सोबत सिलिका जेलची पुडी किंवा खडूचे दोन तुकडे ओलावा धरतात. वर्तमानपत्र, रबर आणि लोकर टाळावीत.

चोरांच्या भीतीने गव्हाच्या कोठीत दागिने पुरून ठेवण्याची पद्धत खेड्यांत अजून आहे. धान्य आणि चांदी यांचे भांडण नाही. भांडण आहे ते गव्हात टाकल्या जाणाऱ्या कीडनाशक गोळ्यांचे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो आणि तो तांबे, चांदी, सोने या धातूंना खातो. त्याने पडलेले डाग सोड्याने जात नाहीत. आणि दागिने काढण्यासाठी अशा कोठीत वाकून हात घालणे जिवावर बेतू शकते, कारण हा वायू माणसालाही तितकाच घातक आहे.

महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे वर्षातून एकदाच निघतात, आणि दरवेळी काळेच निघतात. काय करावे?

मुखवट्यांचे डोळे, भुवया आणि ओठ रंगवलेले असतात, म्हणून ते सोड्याच्या पाण्यात बुडवू नयेत. कापसाच्या बोळ्याला रिठ्याचे पाणी लावून आधी कुंकू आणि तेलाचा राप काढावा. मग खडूची अगदी बारीक, वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून, रंगाला न शिवता, एकाच दिशेने हलके फिरवावी आणि ओल्या कापडाने पुसून घ्यावी. ही रीतही घासण्याचीच आहे, म्हणून ती वर्षाआड वापरावी.

खरी मेख विसर्जनाच्या दिवशी असते. तीन दिवसांचा उदबत्तीचा धूर, हळदी-कुंकू, नैवेद्याच्या हातांचा ओशटपणा आणि भाद्रपदातली ओल या सगळ्यांसकट मुखवटे घाईघाईने जुन्या कागदात बांधून माळ्यावर जातात आणि तेथे वर्षभर काळे होत राहतात. पाहुणे गेल्यावर, त्याच संध्याकाळी, ते रिठ्याच्या पाण्याने पुसून पंख्याखाली तासभर वाळवावेत आणि पिशवीत बंद करावेत.